व्यंकटरावांची गाडी ऐंशीच्या पुढं हलते

रस्ता खराब होता तोवर भीमाशंकर मिस्त्रीचं बरं चाललं होतं. लातूर-नांदेड रस्त्याला तेव्हा एवढे खड्डे होते, की अहमदपूरहून लोह्याला जाऊन आलेला माणूस ओट्यावर टेकला तरी घटकाभर हलतच राहायचा. मग गाडी हलली तर त्यात नवल काय? गाडी का हलते असं कुणी विचारलं असतं तर लोकांनी त्यालाच दवाखान्यात नेलं असतं. आज बुश गेला, उद्या शॉकअप, परवा बॉल जॉइंट. हे सगळं बदलायला एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या शेडमध्ये, भीमाशंकर बसलेलाच असायचा. वय त्रेपन्न, अंगानं ठेंगणा, गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती आणि हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे.

त्याची तपासायची पद्धत साऱ्या तालुक्याला ठाऊक होती. आधी पाना नाही, जॅक नाही. गाडीवाल्याला म्हणायचा, "चल, चालव." आपण शेजारी बसायचा, उजवा तळवा डॅशबोर्डवर टेकायचा, डोळे मिटायचा आणि दोन किलोमीटर तोंडातून शब्द काढायचा नाही. मग म्हणायचा, "डाव्या चाकाचं बेअरिंग." उघडून बघावं तर डाव्या चाकाचंच बेअरिंग! लोक म्हणायचे, याला हातगुण आहे. औषध काय हो, कुणीही देतं. गुण एखाद्याच्याच हाताला असतो. भीमाशंकर वरवर 'कशाचं काय' म्हणायचा आणि आतून फुलायचा.

मग रस्ता चौपदरी झाला. गाड्यांना जन्मात पहिल्यांदा पळायला मिळालं. साठच्या वर ज्यांचा काटा कधी गेला नव्हता त्या गाड्या शंभरनं सुटल्या, आणि गिऱ्हाइकं नवंच गाऱ्हाणं घेऊन येऊ लागली. ऐंशीपर्यंत गाडी लोण्यावानी जाती, ऐंशी ओलांडले की स्टेअरिंग थरथर कापतंय. हे दुखणं भीमाशंकरनं कधी पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कुठून, ऐंशीनं जायला रस्ता होता कुठं!

आणि नेमका त्याच सुमारास संघपाल गावाकडं परत आला.

संघपाल हा लातूरच्या आयटीआयमधला त्याचा जोडीदार. मोटार मेकॅनिकच्या वर्गात दोघं एका बाकावर बसले, दोन वर्षं एका डब्यात जेवले. शेवटच्या परीक्षेत संघपाल पहिला आला आणि भीमाशंकर दुसरा. तीन मार्कांनी. पुण्याच्या एका कंपनीला एकच पोरगा पाहिजे होता. त्यांनी पहिला नेला. ते तीन मार्क भीमाशंकरच्या घशाखाली तेहतीस वर्षांत उतरले नव्हते. तरी संघपाल पुण्यात होता तोवर ठीक होतं, डोळ्याआड होता. आता तोच नोकरी सोडून आला, आणि जागा कुठं घ्यावी गड्यानं? बरोबर समोर. रस्त्याच्या पलीकडं. काचेचं दार, पांढरी फरशी, गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची, प्यायला गार पाणी, आणि मधोमध चाक तोलायचं मशीन. चाक मशीनवर चढवून फिरवलं की पडद्यावर आकडे उमटणार, रिमला कुठल्या जागी किती ग्रॅम कमी ते मशीनच सांगणार. तेवढ्या वजनाची पट्टी तिथं चिकटवली की थरथर बंद. वीस मिनिटांचं काम. डोळे मिटायचा प्रश्नच नाही.

भीमाशंकर जळाला. उगीच आडपडदा कशाला, जळून कोळसा झाला. सकाळी शेड उघडली की पहिली नजर पलीकडं जायची. किती गाड्या उभ्या आहेत, कुणाच्या आहेत, काल माझ्याकडं आलेला आज तिकडं का गेला. संघपाल हातमोजे घालून काम करायचा, ते बघून याचं डोकं उठायचं. संघपाल गिऱ्हाइकाला आकड्यांचा छापील कागद द्यायचा, ते तर याला अजिबात सोसायचं नाही.

"कागद देतोय म्हणं! गाडीचं काय प्रगतिपुस्तक काढायलंय का?" रामलिंगच्या चहाच्या टपरीवर तो म्हणायचा, आणि चार माणसं हसली की त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

एकदा त्या चौघांतला एक जण संघपालच्या जातीवर घसरला. भीमाशंकरनं चहाचा कप आपटला. "त्याच्या डब्यातलं खाल्लंय मी दोन वर्षं. तोंड सांभाळून बोल." जळायचं तर माणसाच्या कामावर जळावं, बाकी कशावर जळणं त्याला कमीपणाचं वाटायचं. पण कामावर मात्र तो मनापासून जळायचा, त्यात कसूर नाही.

घरी दीपमाला, त्याची बायको, नकळत आगीत तेल ओतायची. बचत गटात तिची संघपालच्या बायकोशी, महामायाशी, ओळख झाली होती.

"किती स्वच्छ ठेवलंय ओ त्यांनी दुकान. फरशीवर बसून जेवावं वाटतंय."

"मग जा की तिकडंच जेवायला!" भीमाशंकर खेकसला आणि अर्ध्या भाकरीवरून उठला.

त्याला खरी धास्ती होती ती व्यंकटरावांची. व्यंकटराव म्हणजे वीस वर्षांचं गिऱ्हाईक. नऊ किलोमीटरवर शेत, धान्यबाजारात, म्हणजे मोंढ्यात, ऊठबस, आवाज असा की कुजबुजले तरी चार दुकानं ऐकतात. ते ज्या दारात गाडी लावतील त्या दारात निम्मा मोंढा गाडी लावणार. हा माणूस रस्ता ओलांडून गेला तर आपलं संपलं, हे भीमाशंकरला पक्कं माहीत होतं. आणि व्यंकटरावांची एकच कटकट होती, पंक्चर. शेताच्या वाटेला दोन्ही अंगांनी बाभळी; आठवड्याला एक काटा ठरलेला.

मग भीमाशंकरनं काय केलं, ऐका. संघपालचं दुकान उघडल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात व्यंकटराव हवा भरायला आले. "तुमी रामलिंगकडं चहा घ्या मालक, मी हवा बघतो," असं म्हणून यानं त्यांना वाटेला लावलं आणि चारी चाकांत पंक्चरचं लिक्विड सोडलं. हिरवं, दाट, शेंबडासारखं असतं ते. टायरच्या आत पडून राहतं आणि काटा घुसला की भोक बुजवतं. चाकाला एक बाटली पुरते. यानं दोन-दोन ओतल्या. आणि व्यंकटरावांना त्यातलं अक्षर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गुण लिक्विडचा झाला असता; याला तो आपल्या हाताचा व्हायला पाहिजे होता.

झालाही. चार महिने एक पंक्चर नाही. व्यंकटरावांनी मोंढ्यात दवंडी पिटली, "आरं, भीमाशंकरनं नुसती हवा भरली तरी काटा लागत न्हाई गाडीला! मशीन घेऊन बसलाय समोरचा, त्याला म्हणावं हा हात कुठून आणशील?" भीमाशंकरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या भरात त्यानं आणखी दहा गाड्यांत गुपचूप लिक्विड सोडलं. मात्र त्यांना एकेकच बाटली, कारण व्यंकटरावांइतकं मोठं त्यांतलं कुणी नव्हतं.

पुढं दीडेक वर्षानं व्यंकटरावांची लेक आरती नांदेडला दिली. पंधरा दिवसाला नांदेडची फेरी सुरू झाली, आणि पहिल्याच फेरीत लोह्याच्या अलीकडं वेगाचा काटा ऐंशीवर गेला तसं स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. नव्वदला सीट हलली. त्यांची बायको साखराबाई दाराची कडी धरून बसल्या आणि माघारी येताना म्हणाल्या, "तुमी या तुमच्या गाडीत. मी एसटीनं येते." आणि खरंच एसटीनं आल्या! व्यंकटरावांची सगळ्या सोयऱ्यांत शोभा झाली. दुसऱ्या दिवशी ते भीमाशंकरच्या दारात हजर.

भीमाशंकर शेजारी बसला, तळवा टेकला, डोळे मिटले. शिरूर ताजबंदपर्यंत गेले, परत आले. तळव्याला थरथर कळत होती, ती चाकातून येते हेही कळत होतं, पण त्यापुढं काही केल्या कळेना. त्यानं पुढची दोन्ही बेअरिंगं बदलली. गाडी हलायची थांबली नाही. टाय रॉड बदलला. तरी हललीच. तिसऱ्या वेळी इंजिनाचे रबर बदलतो म्हणाला, तेव्हा व्यंकटराव त्याच्याकडं बघायचं टाळून म्हणाले, "र्‍हाऊ दे मिस्त्री. एकदा समोर दाखवून येतो. उगं बघायला."

ते गाडी घेऊन निघाले. रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो? भीमाशंकरला तो दिवस सरता सरला नाही. संघपालनं दार उघडलं, व्यंकटरावांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि चाक मशीनवर चढवलं. हा हातातला पाना तसाच धरून बघत राहिला. माझं गिऱ्हाईक. वीस वर्षांचं माझं गिऱ्हाईक, आणि याच्या खुर्चीत बसून पाणी पितंय. देवा, हे मशीन जळून जाऊ दे, असं त्यानं मनातल्या मनात चक्क म्हटलं.

आता देव म्हणा नाही तर काय म्हणा, पण व्यंकटरावांची गाडी संघपालकडूनही दुरुस्त होईना. वजनं लावून दिली की त्या दिवशी जरा बरी जायची. एक रात्र उभी राहिली की पुन्हा थरथर. दुसऱ्यांदा तोलली, तिसऱ्यांदा तोलली. तिसऱ्या खेपेला व्यंकटराव भर रस्त्यात कडाडले, "पुण्याला तीस वर्षं काय झक मारली का रे? तीन बारी गाडी आणली, तीनी बारी कागद दिलास! मी कागदावर बसून जाऊ का नांदेडला?"

भीमाशंकरनं त्या दिवशी रामलिंगच्या टपरीवर सगळ्यांना भजी खाऊ घातली. श्रावणी सोमवारचा उपास होता, तरी स्वतःसुद्धा खाल्ली.

रामलिंग चहा द्यायला पलीकडं जायचा, त्यामुळं आतली बातमी त्याच्याकडं असायची. "मशीनच बिघडलंय म्हणं त्याचं," रामलिंग म्हणाला. "एकच चाक दोनदा फिरवलं तर दोनदा येगळा आकडा. आधी तीस ग्राम, लगेच पंचेचाळीस, ती बी दुसऱ्याच जागी. गडी येडा व्हायची पाळी आलीय. सोमवारी समदे टायर उघडून आत बघतो म्हणलाय."

भीमाशंकर खदाखदा हसला. यंत्र ते यंत्र म्हणाला. आणि हसत हसतच स्कूटरला किक मारून घरी निघाला.

वाटेत पाण्याचा जार घ्यायचा होता. जारवाल्याकडं भरलेला शिल्लक नव्हता. घाईत त्यानं अर्धाच घेतला आणि पायांमध्ये ठेवला. चौकातून वळताना स्कूटर अशी डुचमळली की पडता पडता वाचला. भरलेला जार रोज नेतो आपण, कधी काही होत नाही. आज अर्ध्या जारातलं पाणी मनाला येईल तिकडं पळतंय, आणि वजन एका जागी थांबत नाही म्हणून स्कूटर हलतेय.

त्यानं स्कूटर कडेला घेतली. दोन-दोन बाटल्या. चाकाच्या पोटात दोन-दोन बाटल्या हिरवं पाणी, कधी इकडं, कधी तिकडं. रात्री गाडी उभी राहिली की सगळं खाली गोळा. मशीन कुठलं बरोबर सांगणार, वजनच जागा बदलत होतं! मशीन खरं बोलत होतं. तीस ग्रॅमही खरं, पंचेचाळीसही खरं.

"आयला," तो मोठ्यानं म्हणाला. "म्या केलंय हे."

पहिल्यांदा त्याला भीती वाटली ती सोमवारची. संघपाल टायर उघडणार, आतून हिरवं ओघळणार, आणि व्यंकटराव सगळ्या मोंढ्याला ऐकू जाईल असं विचारणार की हे कुणी टाकलं. हातगुण, वीस वर्षांचं नाव, सगळं त्या हिरव्या घाणीत जाणार. लाज वगैरे नंतर वाटली. आधी भीती, आणि त्या भीतीच्या पाठोपाठ एक अक्कल सुचली. ती इतकी गोड होती की त्याला रस्त्यातच हसू आलं.

त्यानं व्यंकटरावांना फोन लावला. "मालक, शेवटचं एकदा गाडी माझ्याकडं ठेवा. रविवारचा दिवस द्या. न्हाई झालं तर मी पाना हातात धरणार न्हाई."

रविवारी त्यानं शेडला ताडपत्री लावून घेतली. चारी चाकं काढली, टायर पट्टीनं उचकटले, आतलं सगळं हिरवं बादलीत पुसून काढलं, रिमा धुतल्या. दुपारपर्यंत काम झालं, आणि मग त्याच्या लक्षात आलं. टायर पुन्हा बसवले, आता चाकं तोलायला पाहिजेत. तोलायचं मशीन अहमदपुरात एकच, तेही पलीकडच्या बाजूला, चाळीस पावलांवर. भीमाशंकरनं छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं आणला, चारी चाकं त्यात घातली आणि लातूरला जाऊन तोलून आणली. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर! चाळीस पावलं चालण्यापेक्षा त्याला ते सोपं गेलं.

सोमवारी व्यंकटराव साखराबाईंना घेऊन नांदेडला गेले आणि आले. एकशे दहा. चहाचा कप ठेवला असता तर सांडला नसता, असं त्यांनी फोनवरच ओरडून सांगितलं. मंगळवारी मोंढ्यात भीमाशंकरला बोलावून घेतलं, शाल घातली, नारळ दिला आणि खच्चून म्हणाले, "मशीन हारलं, हात जिंकला!" टाळ्या पडल्या. गर्दीच्या कडेला संघपाल उभा होता. तोही टाळ्या वाजवत होता.

भीमाशंकरनं त्याचा चेहरा नीट निरखला. दोन वर्षं आपण जे भोगलं ते आज याला भोगताना बघायचं होतं. एकदा तरी तू माझ्यावर जळ की रे! पण त्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. नुसतं थकलेपण होतं, आणि खरं सांगायचं तर कौतुक होतं. ते बघून भीमाशंकरला शालीत घाम फुटला. याच्यावर जळायचं तरी कसं पुरं पडणार, हा तर जळतही नाही!

गुरुवारी जेवताना दीपमाला म्हणाली, "महामायाताई रडायलत्या ओ गटात. मशीन इकायलेत म्हणं. उदगीरचा माणूस बघून गेला. संघपालभाऊंचा स्वतःवरचा भरवसाच उडालाय म्हणाल्या. पुण्याला परत जातेत, पोरापाशी."

भीमाशंकरनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. जाणार? संघपाल जाणार? समोरचं काचेचं दार बंद होणार? त्याला आनंद झाला. खोटं कशाला, झालाच. फक्त घास काही गिळवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी संघपाल स्वतः रस्ता ओलांडून आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. शेडमध्ये उलट्या डब्यावर बसला आणि बाकावर बसायचा तसाच गुडघे जोडून बसला.

"भीमा, मी जायलोय. कळलं असंल तुला."

"हाव. म्हणाली घरात."

"जाण्याआधी एकच सांग. काय होतं त्या गाडीत? मी मशीनच्या माणसाला बोलावलं, त्यानं तपासलं, म्हणाला मशीन बरोबर हाय. म्हणजे चुकलो मीच. तीस वर्षं मी आकड्यावर विश्वास ठेवला. तू डोळे मिटून जे वळखलंस ते मला उघड्या डोळ्यांनी दिसलं न्हाई. आता कुठलंबी चाक हातात घेतलं की वाटतंय, हेबी चुकंल. असल्या हातानं कुणाच्या लेकराबाळांची गाडी सोडू मी रस्त्यावर? काय होतं सांग, मग जातो. न्हाई तर झोप लागणार न्हाई."

भीमाशंकरच्या जिभेवर उत्तर तयार होतं. 'हाताला कळतंय, सांगता येत न्हाई.' एवढं म्हटलं की काम फत्ते. हा उठणार, जाणार, मशीन उदगीरला जाणार, आणि अहमदपुरात पुन्हा एकच मिस्त्री उरणार. खोटंसुद्धा नव्हतं ते पुरतं. त्यानं संघपालच्या हातांकडं पाहिलं. हातमोजे नव्हते. हाताची बोटं गुडघ्यावर बारीक कापत होती. तीन मार्कांनी पुढं गेलेला हा माणूस. याचं काम आपल्यापेक्षा चांगलं आहे, हे कुणाहीपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक आहे, म्हणून तर जळतोय आपण. आणि हाच इथं बसून म्हणतो, मला येत नाही.

"लिक्विड होतं," भीमाशंकर म्हणाला.

"काय?"

"पंक्चरचं लिक्विड. एका चाकात दोन बाटल्या. तुझं मशीन बरोबर होतं. तूबी बरोबर होतास."

संघपाल उठून उभा राहिला. "मी व्यंकटरावाला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. लिक्विड टाकलंय का म्हणून. डिझेल सोडून माझ्या गाडीत काय पडत न्हाई म्हणाला."

"त्याला ठावं नव्हतं. मी टाकलं, त्याला न सांगता."

"कामून?"

"तू दुकान टाकलंस म्हणून."

रस्त्यावरून दोन एसट्या गेल्या. संघपालचा चेहरा आधी मोकळा झाला, आणि मग त्याला राग चढत गेला. भीमाशंकरनं त्याला इतकं रागावलेलं आयटीआयमध्येही पाहिलं नव्हतं.

"मी इकडं येडा व्हायलो होतो, भीमा. बायको रडायली. आन् तू शाल पांघरून नारळ घेतलास. टाळ्या वाजवल्या रे मी तुझ्यासाठी!"

"जळत होतो मी," भीमाशंकर म्हणाला. "आतासुद्धा जळायलोय. तुझ्या फरशीवर, तुझ्या खुर्चीवर, समद्यावर. तू टाळ्या वाजवल्यास त्याच्यावरबी."

संघपाल दारापर्यंत गेला आणि वळला. "आणखी कुणाच्या गाडीत टाकलंयस?"

"दहा हायत."

"नावं लिहून दे. टायर उघडल्याबिगर मशीनवर घेणार न्हाई मी त्यांना. आन् व्यंकटरावाला तू सांगायचं. जिथं शाल घेतलीस तिथंच." एवढं म्हणून तो रस्ता ओलांडून गेला.

शनिवारी भीमाशंकर मोंढ्यात गेला. शाल घडी करून पिशवीत घेतली होती, ती त्यानं व्यंकटरावांसमोर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. व्यंकटराव आधी गप्प राहिले, आणि तो माणूस गप्प राहणं हीच मोंढ्यात बातमी होती. मग म्हणाले, "म्हणजे माझी बायको एसटीनं आली ती तुझ्या हातगुणानं?" सगळा मोंढा हसला. हमालसुद्धा पोती खाली ठेवून हसले. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव 'लिक्विड मिस्त्री' पडलं, आणि पडलेलं नाव अहमदपुरात उठत नाही. सोमवारी व्यंकटरावांची गाडी समोर लागली, तिच्या मागं आणखी चार.

उदगीरचा माणूस टेम्पो घेऊन आला आणि रिकामा टेम्पो घेऊन परत गेला.

खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. कोण म्हणतं कुणास ठाऊक. भीमाशंकर शेडच्या दारात उभा होता, आणि पलीकडं काचेच्या दारापुढं आठ गाड्या उभ्या होत्या. त्याच्या जिवाची तशीच तगमग होत होती, उलट थोडी जास्तच. दीपमाला डबा घेऊन आली. तिनंही पलीकडं पाहिलं.

"बरं वाटलं का सांगून टाकल्यावर?"

"न्हाई."

"मग कामून सांगितलंत?"

भीमाशंकर पलीकडंच बघत होता. संघपालनं हातमोजे चढवले होते आणि तो चाक फिरवत होता. त्याचे हात आता कापत नव्हते, हे एवढ्या लांबूनही दिसत होतं. हा माणूस इथून जावा म्हणून भीमाशंकर दोन वर्षं देव पाण्यात घालून बसला होता. देवानं ऐकलं होतं, तो निघाला होता, आणि त्याला हाताला धरून परत बसवणारा गावात दुसरा कुणी नव्हता, आपणच होतो.

"वाढ," तो म्हणाला. "भूक लागलीय."